सही कोणत्या शब्दाखाली?

आमच्या वडिलांनी आयुष्यात एकदाच दुसऱ्याच्या कर्जाच्या कागदावर सही केली. त्यांच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याने मुलीच्या लग्नासाठी पतसंस्थेतून कर्ज काढले होते. "गुरुजी, नुसती साक्षीदाराची सही हवी आहे," असे म्हणत तो फॉर्म घेऊन घरी आला. फॉर्म इंग्रजीत होता आणि सहीच्या रेघेखाली 'गॅरंटर' असे छापले होते. वडिलांना इंग्रजी वाचता येत असे. पण 'विटनेस' काय आणि 'गॅरंटर' काय, दोन्हींचा अर्थ त्यांनी 'सोबत सही करणारा' असा एकच धरला. दीड वर्षाने कर्जाचे हप्ते थकले आणि वडिलांच्या पगारातून कपात सुरू झाली. ती संपायला चार वर्षे लागली. तो सहकारी लबाड नव्हता. त्यालाही फरक ठाऊक नव्हता, आणि फॉर्म देणाऱ्या कारकुनाने तो सांगितला नाही.

तोच शब्द मराठीत समोर आला असता तर वडील फसले नसते. जामीन राहू नये, हे आमच्या आजीपासून सगळ्यांना पाठ होते. 'जामीनदार' असे छापलेले दिसते तर त्यांचा हात तिथेच थांबला असता. म्हणून माझे पहिले सांगणे असे: इंग्रजी कागदावर सारखे वाटणारे दोन शब्द दिसले की दोन्हींची मराठी नावे शोधा. नावे वेगळी निघाली तर वस्तूही वेगळ्या आहेत, असे समजून पुढचे वाचा. गेली काही वर्षे मी शनिवारी संध्याकाळी आमच्या वाचनालयात बसून लोकांचे फॉर्म वाचून देतो. तिथे पुन्हा पुन्हा अडणाऱ्या जोड्या इथे मांडतो आहे.

आधी वडिलांचीच जोडी. सही माझ्यासमोर झाली एवढेच साक्षीदार सांगतो, पैशाशी त्याचा संबंध नसतो. कर्जदाराने बुडवले तर मी भरीन, असे जामीनदार लिहून देतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. 'आधी त्याच्याकडून वसूल करा, उरले तर माझ्याकडे या', असे जामीनदाराला म्हणता येत नाही. संस्था सरळ त्याच्या दारात येऊ शकते. भरलेले पैसे कर्जदाराकडून परत मागण्याचा हक्क त्याच कायद्याने त्याला दिला आहे खरा, पण जिथून संस्थेला मिळाले नाहीत तिथून त्याला कितपत मिळणार? हल्ली फॉर्मवर 'को-बॉरोअर' किंवा 'को-ॲप्लिकंट' असा तिसरा शब्दही असतो. तो सहकर्जदार, आणि कर्ज पहिल्या हप्त्यापासून त्याचेही असते. मुलाच्या शिक्षणासाठी बँक कर्ज देते तेव्हा आई किंवा वडील बहुधा या रकान्यात असतात, आणि आपण जामीन राहिलो आहोत अशी त्यांची समजूत असते.

इंग्रजीत अशा जोड्या इतक्या का, याची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती कळली की वाचताना डोळे उघडे राहतात. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर कित्येक पिढ्या दरबार आणि न्यायालये फ्रेंचमध्ये चालली, दप्तर लॅटिनमध्ये लिहिले गेले आणि शेतातली माणसे इंग्रजीच बोलत राहिली. न्यायालयातले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा १३६२ साली झाला, पण तोपर्यंत एकेका गोष्टीला दोन-दोन नावे रुजली होती आणि वकील ती दोन्ही शेजारी शेजारी लिहीत. 'विल अँड टेस्टामेंट' यातला पहिला शब्द जुन्या इंग्रजीचा, दुसरा लॅटिनचा. 'गुड्स अँड चॅटल्स' ही जोडीही तशीच, इंग्रजी आणि फ्रेंच. आपल्या धनदौलत, बाजारहाट, कागदपत्र या शब्दांची घडण अशीच आहे. एक अवयव संस्कृत-प्राकृताकडून आला, दुसरा फारसी-अरबीकडून, आणि अर्थ दोन्हींचा जवळजवळ एक. अशी जोडी निरुपद्रवी असते. घोटाळा होतो तो तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जोड्यांमुळे. त्यांतले शब्दही भावंडांसारखे वाटतात, पण एकाखाली सही केली तर घर मिळते आणि दुसऱ्याखाली केली तर नुसते आश्वासन.

सगळ्यात जास्त गैरसमज 'नॉमिनी' आणि 'लीगल एअर' यांच्याबाबत दिसतो. नॉमिनी म्हणजे नामनिर्देशित व्यक्ती, लीगल एअर म्हणजे वारस. मागच्या पावसाळ्यात एक आजी पासबुक, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आणि पोस्टाचे कागद पिशवीत घालून आल्या. "धाकट्याने माझं सगळं केलं. सगळीकडे नॉमिनी त्यालाच लावलंय, म्हणजे माझ्यामागे सगळं त्याचंच ना?" मी म्हणालो, "आजी, नॉमिनी म्हणजे किल्ली हातात घेणारा. घर कुणाचं, ते दुसऱ्या कागदावरून ठरतं." त्या बराच वेळ गप्प बसल्या. वीस वर्षे त्या निर्धास्त होत्या.

खातेदार गेल्यावर बँकेने पैसे कोणाच्या हातात द्यायचे, एवढे नामनिर्देशनाने ठरते. नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी होते. नॉमिनीने मात्र ते वारसांसाठी विश्वस्त म्हणून सांभाळायचे असतात. वारस कोण, ते मृत्युपत्राने ठरते आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्याने. बँकेतल्या ठेवींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हेच सांगितले, आणि कंपन्यांच्या शेअरबाबत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा तेच सांगितले. गृहनिर्माण सोसायट्यांसाठी महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली स्वतंत्र प्रकरण जोडले गेले. त्यानुसारही, कायदेशीर वारसांची नोंद होईपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणूनच घेता येते. आयुर्विम्याचे थोडे वेगळे आहे. विमा कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि आई-वडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांना 'बेनिफिशियल नॉमिनी', म्हणजे लाभ घेण्याचा हक्क असलेला नॉमिनी, अशी निराळी जागा मिळाली. म्हणजे एकच शब्द बँकेच्या आणि विम्याच्या कागदावर सारखे वजन घेऊन बसत नाही.

धाकट्याला द्यायचे असेल तर मृत्युपत्र करा, हे मी आजींना सांगितले. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि तिथे साक्षीदार म्हणजे खरोखरच साक्षीदार असतो. तिथे सही करायला घाबरू नका. नोंदणी बंधनकारक नाही, पण केलेली बरी.

नॉमिनीच्या रकान्यात अलीकडे आणखी एक जोडी आली आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींसाठी चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते, आणि फॉर्म विचारतो, 'सायमल्टेनिअस' की 'सक्सेसिव्ह'? पहिल्या प्रकारात सगळ्या नॉमिनींना एकाच वेळी तुम्ही लिहिलेल्या टक्केवारीने रक्कम मिळते. दुसऱ्यात क्रम असतो, म्हणजे पहिला हयात नसेल तरच दुसऱ्याची पाळी. दोन मुलींना निम्मे-निम्मे मिळावे म्हणून दोघींची नावे लिहिली आणि खूण 'सक्सेसिव्ह'वर केली, तर रक्कम थोरलीच्याच हातात जाईल. 'एकाच वेळी' आणि 'एकामागून एक' हे शब्द त्या चौकोनांशेजारी पेन्सिलने लिहून घ्या, मगच खूण करा.

जोडखात्याचा फॉर्म भरतानाही असेच थांबा. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकतो आणि एक गेल्यावर मागे राहिलेला. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे ज्याचे नाव आधी लिहिले तोच, आणि त्याच्यामागे दुसरा. 'जॉइंटली' म्हणजे प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या. नवरा रुग्णालयात आणि खाते 'फॉर्मर'वर, म्हणून बायको काउंटरवरून रिकाम्या हाताने परतली, असे प्रसंग माझ्यासमोर एकाहून अधिक वेळा आले आहेत.

आता जमीन आणि घर. या बाबतीत मराठी कागदांची नावे इतकी नेमकी आहेत की इंग्रजी नावे वापरावीत कशाला, असे मला वाटते. 'ॲग्रीमेंट' म्हणजे साठेखत, 'सेल डीड' म्हणजे खरेदीखत. साठेखतात मी विकीन, तू घेशील, अमुक दिवसांत, अमुक किमतीला, असा शब्द दिलेला असतो. मालकी बदलते ती खरेदीखताने. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ स्पष्ट सांगते की विक्रीच्या करारामुळे त्या मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. तरीही 'ॲग्रीमेंट झालं आहे' या एका वाक्यावर लोक सगळी रक्कम देऊन बसतात. "साठेखत की खरेदीखत?" असे मराठीत विचारा, समोरच्याला गोलमोल उत्तर देता येणार नाही. बिल्डरकडून नवा फ्लॅट घेताना रीत निराळी असते. तिथे तुमच्याशी 'ॲग्रीमेंट फॉर सेल' नोंदवले जाते आणि जमीन व इमारत यांचे हस्तांतरण पुढे सोसायटीच्या नावे होते. त्यातही एक आकडा लक्षात ठेवा. रेरा कायद्यानुसार हे ॲग्रीमेंट नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

याहून घातक जोडी 'नोटराइज्ड' आणि 'रजिस्टर्ड' यांची. शहरांच्या कडेला गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे विकणारे लोक 'नोटरी करून देतो' म्हणतात. स्टँप पेपर असतो, लाल शिक्का असतो, वकिलाची सही असते, फोटो चिकटवलेले असतात. घेणाऱ्याला वाटते, सरकारी काम झाले. नोटरीसमोर सही करणाऱ्याची ओळख पटते आणि सही त्याचीच आहे हे ठरते. कागद दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवला जाणे ही वेगळीच गोष्ट. शंभर रुपयांपासून पुढच्या किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, आणि आज शंभर रुपयांत जमीन कुठेच मिळत नाही. तेव्हा जमिनीच्या विक्रीचा नुसता नोटरी केलेला कागद कितीही जाड असला तरी तुम्हाला मालक करत नाही. नोंदणी झाली असेल तर 'सूची दोन', म्हणजे सगळे जिला इंडेक्स टू म्हणतात ती, मिळते. ती दाखवा म्हणा. स्टँप ड्यूटी आणि रजिस्ट्रेशन फी याही दोन वेगळ्या रकमा. पहिली मुद्रांक शुल्क, दुसरी नोंदणी शुल्क. पहिली भरली म्हणजे दुसरे काम आपोआप होत नाही. आयुष्यभराची कमाई अशा कागदात घातलेली माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हे इतके लांबवून सांगतो आहे.

भाड्याच्या घराचा कागद महाराष्ट्रात बहुधा 'लीव्ह अँड लायसन्स' असतो. यातल्या 'लीव्ह'चा घर सोडण्याशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ परवानगी. लायसन्स म्हणजेही परवानगी, म्हणजे ही वर सांगितलेली निरुपद्रवी, धनदौलतीच्या जातीची जोडी. ऑफिसातली लीव्ह याच शब्दातून आली, कामावर न येण्याची परवानगी. आणि मौज अशी की आपला 'रजा' हा शब्दही अरबीतल्या संमती या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. राजी होणे हे त्याच मुळातले. दोन भाषांनी एकच वाट धरलेली पाहून मला फार आनंद झाला होता.

खरा फरक आहे 'लीज' आणि 'लायसन्स' यांच्यात, आणि तो बोलण्यातल्या 'भाडेकरार' या एका शब्दात बुडून जातो. लीज म्हणजे भाडेपट्टा, त्यात घेणाऱ्याचा त्या जागेत हक्क निर्माण होतो. लायसन्समध्ये जागा वापरण्याची मुभा फक्त मिळते, हक्क मालकाकडेच राहतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार मुदत संपल्यावर राहणाऱ्याने जागा सोडली नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि त्या काळासाठी दुप्पट आकार मागू शकतो. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. एक वर्षावरच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणी सक्तीची करणाऱ्या १९०८ च्या नोंदणी कायद्यातून ती आली. पण आपल्या राज्याच्या कायद्याचे कलम ५५ लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा असे म्हणते, मुदत कितीही असो. ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटी काय होत्या याबाबत राहणाऱ्याचे म्हणणे आधी धरले जाते. मालकांनीही हे मनावर घ्यावे, त्यांचाच तोटा आहे.

दुकानात ऐकू येणारी जोडी 'गॅरंटी-वॉरंटी'. हे दोन्ही शब्द मुळात एकच आहेत. उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मन बोलीत जिथे 'व' राहिला तिथे मध्य फ्रान्सच्या बोलीत 'ग' झाला, आणि इंग्रजीने दोन्ही रूपे वेगवेगळ्या काळात उचलली. वॉर्डन आणि गार्डियन, रिवॉर्ड आणि रिगार्ड यांची कथाही हीच. आपल्या बाजारात मात्र त्यांचे अर्थ ढोबळमानाने दोन झाले आहेत. गॅरंटी म्हटले की बदलून देणे, वॉरंटी म्हटले की दुरुस्त करून देणे. ही बाजाराची बोली आहे, तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नका. कार्डावर 'रिपेअर', 'रिप्लेसमेंट' आणि 'रिफंड' यांपैकी कोणता शब्द आहे ते पाहा: दुरुस्ती, बदली, पैसे परत. इन्व्हर्टरची बॅटरी घेताना '३६ + २४ महिने' असे लिहिलेले असते. पहिल्या ३६ महिन्यांत बॅटरी मोफत बदलून मिळते. पुढच्या २४ महिन्यांत 'प्रो-राटा', म्हणजे उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात नव्या बॅटरीवर सवलत मिळते. साठ महिने मोफत मिळेल असे समजून भांडायला गेलेले ग्राहक आणि वैतागलेले दुकानदार, दोघांनाही त्रास त्या अधिकच्या चिन्हाकडे दुर्लक्ष केल्याने होतो.

विम्यात 'सम अशुअर्ड' आणि 'सम इन्शुअर्ड' ही एका अक्षराच्या फरकाची वाटणारी जोडी आहे. आयुर्विम्यात पहिला शब्द येतो: घटना घडली की ठरलेली रक्कम. आरोग्य आणि वाहन विम्यात दुसरा: जास्तीत जास्त इतक्यापर्यंत, पण मिळणार झालेल्या नुकसानीएवढेच. पाच लाखांचा आरोग्य विमा आहे म्हणून ऐंशी हजारांच्या बिलावर पाच लाख येत नाहीत. हे वाचून कोणाला साधे वाटेल, पण मी ते दर महिन्याला कुणाला तरी समजावतो.

चेकचे दोन शब्द पटकन. 'क्रॉस्ड' चेक म्हणजे डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारलेला. त्याचे पैसे खिडकीवर रोख मिळत नाहीत, खात्यातच जमा होतात. 'कॅन्सल्ड' चेक म्हणजे आडवा 'कॅन्सल्ड' असा शब्द लिहून रद्द केलेला, फक्त खाते क्रमांक दाखवायला द्यायचा. त्यावर सही करू नका. रद्द चेक मागितला असता नुसत्या दोन रेघा मारून, सही करून, कोरा चेक देणारी माणसे आहेत, आणि तो चेक कोणाच्या हाती जाईल ते सांगता येत नाही. खरेदीच्या कागदांचेही असेच. 'एस्टिमेट' म्हणजे खर्चाचा अंदाज, तो वाढू शकतो. 'कोटेशन' म्हणजे दरपत्रक, त्यात दर सांगितलेला असतो. 'इन्व्हॉइस' म्हणजे बिल आणि 'रिसीट' म्हणजे पावती. पैसे दिल्यावर बिल घेऊन समाधान मानू नका, पावती मागा.

करारातली दोन छोटी क्रियापदेही सांगायला हवीत: 'शाल' आणि 'मे'. शाल म्हणजे करावेच लागेल. मे म्हणजे करू शकेल, मनात असेल तर. 'कंपनी शाल रिफंड' आणि 'कंपनी मे रिफंड' यांत तुमच्या अनामत रकमेचे भवितव्य बसलेले असते. करार वाचायला वेळ नसेल तर दोन रंगांची पेन्सिल घ्या. तुमच्या नावापुढे कुठे 'शाल' आहे ते एका रंगाने आणि समोरच्याच्या नावापुढे कुठे 'मे' आहे ते दुसऱ्या रंगाने अधोरेखित करा. पहिला रंग फार आणि दुसराही फार दिसला, तर सगळी बंधने तुमच्यावर आहेत आणि मोकळीक त्याला आहे. बदल मागायचा तो सहीच्या आधी मागा.

तुम्ही मराठीत सही करत असाल तर विम्याच्या प्रस्तावात शेवटाकडे आणखी एक चौकट असते, 'व्हर्नाक्युलर डिक्लरेशन' या नावाची. फॉर्ममधला मजकूर अर्जदाराला त्याच्या भाषेत समजावून सांगितला आणि तो त्याला समजला, असे फॉर्म भरणारा तिथे लिहून देतो. बहुतेक वेळा ही चौकट काहीही न सांगता भरली जाते. तुमच्यासमोर ती आली की एजंटाला खुर्ची द्या, चहा द्या, आणि तिथे लिहिलेले खरे करायला लावा: पहिल्या पानापासून, मराठीत, शब्दाला शब्द विचारत. ज्या शब्दावर तो अडखळेल त्याच्याखाली पेन्सिलने रेघ ओढा आणि फॉर्म त्या दिवशी सही न करता घरीच ठेवा.